दाखला मागण्याआधी दिवस मोजा: वस्तीतल्या शिधाकेंद्राचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा जणांचा एक गट वस्तीत शिधाकेंद्र चालवतो. पंधरा घरांपासून सुरुवात झाली, तीन महिन्यांत चाळीस घरं झाली. दर शनिवारी वाटप असतं. डाळ आणि तेल महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच संपतं, बिस्किटं आणि नूडल्सचा मात्र ढीग पडून आहे. दोन पोती तांदळाला टोके (सोंडकिडे) झालेत. शिवाय रांगेतले काही जण 'तितके गरजू वाटत नाहीत' अशी कुजबुज गटात सुरू झाली आहे. म्हणून उत्पन्नाचा दाखला मागायला सुरुवात करावी का, आणि एका घराला नेमकं किती द्यावं, असं विचारलंय.

दोन प्रश्न विचारलेत, पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं आहे. किती द्यायचं हे ठरलेलं नसलं की टेबलावर बसलेला प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने देतो. माल अवेळी संपतो, आणि संपला की संशय रांगेतल्या माणसांवर जातो. चाळीसपैकी चार घरं खरोखर कमी अडचणीतली निघाली, तरी त्यांच्यामुळे डाळ दुसऱ्या आठवड्यात संपत नाही. ती संपते, कारण चाळीस घरांना किती डाळ लागते याचा आकडाच कुणी मांडलेला नाही, आणि लोक देणगीत जे आणून देतात ते बिस्किट असतं.

फूड बँक आणि शिधाकेंद्र यांत बरेचदा गल्लत होते, म्हणून आधी तेवढं सांगतो. फूड बँक म्हणजे कोठार. ती माल गोळा करते आणि संस्थांना देते. पहिली फूड बँक १९६७ साली अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेन्गेल यांनी सुरू केली, तीही याच धर्तीवर. शिधाकेंद्र हे त्या साखळीचं शेवटचं टोक, जिथे माणूस पिशवी घेऊन दाराशी येतो. कोठाराने 'इतके टन वाटले' म्हणणं ठीक आहे. तुम्ही किलो मोजलेत तर नूडल्सचा ढीगही कामगिरीच वाटेल. तुमचं माप वेगळं: एका घराच्या किती दिवसांच्या चुलीची सोय झाली?

शिधाकेंद्र कुणाचाही पूर्ण महिना चालवू शकत नाही, आणि चालवायला निघू नये. बहुतेक घरांत भूक रोज सारखी नसते. पगार किंवा मजुरी हातात येण्याआधीचे काही दिवस, आजारपणात बुडालेला आठवडा, कामाचा मोसम संपल्यानंतरचे पंधरा दिवस, अशी ती ठरावीक खिंडारांतून आत येते. तुमचं काम ते खिंडार बुजवायचं. म्हणून गटाने एकत्र बसून एकच आकडा ठरवावा: दर घरामागे महिन्याला किती दिवस. नव्या केंद्राने पाच दिवसांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. दहा दिवसांचं आश्वासन देऊन तिसऱ्या महिन्यात हात वर करण्यापेक्षा पाच दिवसांचा शिधा बिनचूक मिळणं त्या घराच्या जास्त उपयोगाचं असतं, कारण त्या भरवशावर ते घर आपले बाकीचे पैसे औषधाला किंवा भाड्याला लावू शकतं.

आता हिशोब. आपत्तीच्या मदतकार्यात सरसकट लोकसंख्येसाठी माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी हा आकडा धरतात. तो लहान-मोठे, स्त्री-पुरुष सगळ्यांची सरासरी आहे. एकेका माणसाची गरज त्यातून काढू नका, पण घरांचा एकूण साठा ठरवायला तो चांगला चालतो. कोरड्या शिध्यात तो असा बसतो: धान्य ४०० ग्रॅम (सुमारे १४०० किलोकॅलरी), डाळ ७० ग्रॅम (२४०), तेल ३० ग्रॅम (२६५), शेंगदाणे २० ग्रॅम (११३), साखर २० ग्रॅम (८०). बेरीज २१००च्या अगदी जवळ जाते. वर आयोडीनयुक्त मीठ ५ ग्रॅम.

तेलाकडे नीट बघा. वजनाने ते या यादीत जेमतेम साडेपाच टक्के आहे, पण ऊर्जेचा आठवा हिस्सा तेच देतं. तेल संपलं आणि 'तांदूळ आहे ना भरपूर' असं म्हणून वाटप चालू ठेवलं, तर पिशवी जड दिसते आणि पोट रिकामं राहतं. डाळीचं दुखणं आणखी वेगळं. तिची उणीव पहिल्या दिवशी जाणवत नाही, महिनोन् महिने पोरांच्या वाढीत दिसते.

चार माणसांचं घर आणि पाच दिवस म्हणजे २० माणूस-दिवस. धान्य ८ किलो, डाळ १ किलो ४०० ग्रॅम, तेल ६०० ग्रॅम, शेंगदाणे आणि साखर प्रत्येकी ४०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. एकूण जवळपास ११ किलो. तुमच्या चाळीस घरांची सरासरी चार माणसं धरली तर महिन्याला ८०० माणूस-दिवस होतात: धान्य ३२० किलो, डाळ ५६ किलो, तेल २४ किलो (म्हणजे साधारण २६ लिटर), शेंगदाणे आणि साखर प्रत्येकी १६ किलो, मीठ ४ किलो. हा कागद भिंतीवर लावा. गेल्या महिन्यात डाळ किती आली ते त्याशेजारी लिहा. दुसऱ्या आठवड्याचं कोडं तिथेच सुटेल.

कागदावरचं हे गणित टेबलावर थोडं वाकवावं लागतं. तेलाची ६०० ग्रॅमची पिशवी मिळत नाही, आणि तेल सुटं करून बाटल्यांत भरायच्या फंदात अजिबात पडू नका. बाटली आतून ओली राहिली किंवा जुन्या तेलाचा अंश उरला तर खवट वास येतो, आणि भेसळीचा आरोप झाला तर तो खोडायला हाताशी काही नसतं. अर्धा लिटर आणि एक लिटर अशी बंद पाकिटंच ठेवा. दोन माणसांपर्यंत अर्धा, तीन ते पाचांना एक, त्याहून मोठ्या घराला दीड. या मापाने तेल कागदापेक्षा जास्त लागेल. ते मान्य करून खरेदीत धरा.

एकट्या राहणाऱ्या अंगमेहनतीच्या मजुराला सरासरी पुरत नाही, त्याला धान्य सव्वापट द्या. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त लागतात. त्या घरात डाळ आणि शेंगदाणे वाढवायचे. मधुमेह असलेल्या घरी साखरेऐवजी तेवढ्या मोलाची डाळ. रक्तदाबाच्या रुग्णाला खारट नूडल्सची पाकिटं भरून देणं म्हणजे मदत करता करता दुखणं वाढवणं. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हा प्रश्न नोंदणीतच विचारायचा, आणि ज्या मापाने शेंगदाणे भरले ते डाळीत घालायचं नाही.

चुलीचं काय, हे विचारायचं हमखास राहून जातं. ज्या घरात इंधन संपलंय त्या घराला आठ किलो तांदूळ दिला, तर तो एक तर पडून राहतो किंवा विकला जातो. मग कुणीतरी म्हणतं, 'बघा, फुकटचं विकून खातात.' शिधा विकलेला कळला की पहिली शंका इंधनाची घ्या आणि दुसरी औषधाची. इंधन तुटपुंजं असेल तर अख्ख्या कडधान्यापेक्षा फोडलेली डाळ द्यावी, ती लवकर शिजते. राजमा तर अशा घरात मुळीच नको. तो भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळावा लागतो. कच्चट राहिला तर त्यातल्या विषारी घटकाने जोरदार उलट्या होतात. तुमचा बिस्किटांचा ढीग इथे कामी येईल. चूल नसलेल्यांसाठी तीन दिवसांची 'तातडीची पिशवी' वेगळी करा: भाजलेले चणे, शेंगदाणे, बिस्किटं, उघडून तसंच खाता येईल असं डबाबंद अन्न. नूडल्स गरम पाण्याची सोय असेल तरच. ही पिशवी वारावर अवलंबून ठेवू नका. अशी वेळ शनिवार पाहून येत नाही, म्हणून दोन-तीन पिशव्या गटातल्या एखाद्याच्या घरी कायम असाव्यात.

एक सावधगिरी. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस समोर आला, म्हातारा असो की तरुण, तर पिशवी देऊन मोकळं होऊ नये. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम पोटभर खाल्लं की रक्तातल्या क्षारांचं प्रमाण झपाट्याने बिघडतं आणि ते जिवावर बेतू शकतं. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं.

इथवरचं थोडक्यात: दर घरी पाच दिवस, घरातल्या माणसांवरून माप, आणि चूल-आजार बघून अदलाबदल. आता दाखल्याकडे वळू.

दाखला मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण 'माणुसकी म्हणून' एवढंच कारण दिलं तर तुमच्या गटातले हिशोबी लोक ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून हिशोबानेच सांगतो. चूक दोन तऱ्हेची होते. नको त्या घरात शिधा गेला, तर नुकसान ११ किलो मालाचं. हव्या त्या घरात गेला नाही, तर तिथे पाच दिवस चूल पेटत नाही, आणि ते घर पुन्हा तुमच्या दारात येत नाही. दाखल्याने पहिली चूक थोडी कमी होते, दुसरी भरपूर वाढते. कारण नव्याने अडचणीत आलेल्यांकडेच कागद नसतो. ज्याचं काम गेल्या महिन्यात सुटलं त्याच्या दाखल्यावर गेल्या वर्षीचं उत्पन्न असतं. भाड्याने राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो. घरातून बाहेर काढलेल्या बाईकडे तर काहीच नसतं. शिवाय कागद तपासायला एक जाणता माणूस दिवसभर अडकतो, तो वेगळाच.

'गरजू वाटत नाही' हे तर मापच नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने घरातली अन्नटंचाई मोजायला आठ प्रश्नांची पट्टी केली आहे. तिच्या पायऱ्या बघा: अन्न पुरेल का याची काळजी, सकस खाणं परवडेनासं होणं, मोजकेच पदार्थ खावे लागणं, एखादं जेवण टाळणं, हवं त्याहून कमी खाणं, घरातलं अन्न संपणं, भूक असून न खाणं, आणि शेवटी अख्खा दिवस उपाशी. यातली एकही पायरी कपड्यांवरून दिसत नाही. इस्त्रीचा सदरा आणि हातात फोन असलेला माणूस पाचव्या पायरीवर असू शकतो. फोन विकला तर उद्याचं काम कुठून येईल? घरातली मोठी माणसं, त्यातही आई, आधी स्वतःचं ताट कमी करते, त्यामुळे मुलं धडधाकट दिसली म्हणजे घर ठीक आहे असं समजू नका.

मग गैरवापराला आवर कशाने? तीन साध्या गोष्टींनी. एक, महिन्यातून एकदाच पूर्ण शिधा. तातडीची पिशवी वेगळी. ही मर्यादा सगळ्यांना सारखी लागू होते आणि कुणाची चौकशी करावी लागत नाही. दोन, माप घरातल्या माणसांवर, ओळखीवर नाही. गटातल्या कुणाच्या नातेवाइकाला एकदा जास्त दिलं की ती बातमी वाटप संपायच्या आत वस्तीभर होते. तीन, साधं सामान. बहुतेक लोक गरज नसताना तासभर खर्चून तांदूळ-डाळ न्यायला येत नाहीत. महागाच्या वस्तू आणि सणाच्या भेटी मांडल्या की मात्र रांगेचा चेहराच बदलतो.

एकाच घरातून दोघे येतात, ही तक्रार खरी असते. तिच्यावर उपाय म्हणजे रंगीत कार्ड. १-२ माणसांना हिरवं, ३-५ना पिवळं, ६ किंवा जास्त असतील तर लाल. कार्डावर फक्त क्रमांक, नाव नाही. तो क्रमांक वहीत, वहीत घरातली माणसं, लहान मुलांची वयं, ॲलर्जी किंवा आजार, चूल आहे की नाही आणि शेवटचं वाटप कधी झालं. एवढंच. जात, धर्म, कर्ज, नवरा का सोडून गेला, यातलं काहीही लिहायचं नाही. वही एकाच माणसाकडे आणि कुलपात. फोटो तर कधीच नाही. पिशवी हातात देतानाचा फोटो देणगीदाराला आवडत असेलही, पण तो फोटो त्या मुलाच्या वर्गात पोहोचायला एक संध्याकाळ पुरते. देणगीदाराला भरलेल्या मांडणीचा फोटो पाठवा.

दारावरची रांग हा स्वतंत्र त्रास आहे आणि तो सोडवणं सोपं आहे. एका घराला सामान निवडून, मोजून द्यायला दहा मिनिटं लागतात. दोन टेबलं असली तर तासाला बारा घरं. म्हणून अर्ध्या तासाला सहा घरं अशा वेळा देऊन टाका. चाळीस घरं एकाच शनिवारी बोलावू नका. प्रत्येक घराला 'तुमच्याकडे पैसे कधी संपतात' हे विचारून त्यांनाच शनिवार निवडू द्या. बरेच जण शेवटचा शनिवार मागतील. वीस घरं झाली तरी पावणेदोन तासांत काम आटोपतं. कामावरून सहाला सुटणाऱ्यांसाठी एक वेळ संध्याकाळची हवीच, नाहीतर ज्यांना काम आहे पण पुरत नाही ते कायमचे बाहेर राहतात. ११ किलो उचलून नेता येत नाही अशी म्हातारी माणसं असतातच. त्यांना दोन हप्त्यांत द्या किंवा घरी पोहोचवा, पण पोहोचवणाऱ्याच्या पिशवीवर केंद्राचं नाव नको.

'निवडून' हा शब्द वर मुद्दाम वापरला. आधीच बांधलेल्या पिशव्या देणं झटपट होतं, पण त्यातलं नको ते वाया जातं. त्याऐवजी टेबलावर गट मांडा: धान्य, डाळ-कडधान्य, तेल, इतर. चार माणसांच्या पिवळ्या कार्डाला धान्याचे ८ किलो, मग त्यात तांदूळ किती आणि पीठ किती ते घरवाल्यांनी ठरवावं. डाळींत तीन प्रकार असले तरी पुष्कळ. गट ठरलेले असल्याने साठ्याचा अंदाज चुकत नाही, आणि सामान परत येणं किंवा कोपऱ्यावर टाकलेलं सापडणं जवळजवळ थांबतं. सुटं भरताना तराजू प्रत्येक वेळी नको. एक किलोचं माप एकदा वजन करून ठरवा, वर रेघ मारा आणि मालाचा लॉट बदलला की पुन्हा तपासा, कारण डाळीच्या मापात तांदूळ तेवढाच बसत नाही. भरलेल्या पाकिटावर काय आहे, कधी भरलं आणि मूळ पाकिटावरची शेवटची तारीख, या तीन गोष्टी लिहा. उलट्या-जुलाब झालेल्या स्वयंसेवकाने पूर्ण बरं वाटल्यावरही ४८ तास भरायच्या कामाला हात लावायचा नाही.

देणगीची बाजूही तेवढीच शिस्तीची हवी. 'जे जमेल ते द्या' असं आवाहन केलं की लोक कपाट रिकामं करतात. त्याऐवजी भिंतीवरच्या कागदावरून नेमकं मागा: 'या महिन्यात डाळ २० किलो आणि तेलाची एक लिटरची १० पाकिटं कमी आहेत.' लोकांना आकडा दिला की ते तोच पुरा करतात. पैसे मिळाले तर आणखी बरं. घाऊक भावाने माल मिळतो, आणि जे नाही तेच घेता येतं. एका महिन्याचा साठा हात न लावता बाजूला ठेवायची सवय लावा. देणग्या सणासुदीला येतात आणि एरवी आटतात. भूक सण पाहून येत नाही. साठा त्या रेषेखाली गेला तर नवी घरं घेणं थांबवून प्रतीक्षायादी करा आणि तसं तोंडावर सांगा. सगळ्यांचंच माप गुपचूप कमी करणं मला पटत नाही. पाचाचे तीन दिवस झाले हे घराला चौथ्या दिवशी रिकामा डबा उघडल्यावर कळतं.

काय घ्यायचं नाही, याची यादी दारावरच असू द्या. फुगलेला, गळका, सांध्यावर चेपलेला किंवा पुसून न जाणारा गंज चढलेला डबा सरळ फेकायचा. त्यात बोट्युलिझमचं (जीवघेण्या अन्नविषबाधेचं) विष असू शकतं, आणि त्याला वास किंवा चव असेलच असं नाही, तेव्हा 'जरा चाखून बघू' असं करू नका. घरी भरलेल्या बरण्या नकोत. तारखांच्या बाबतीत दोन प्रकार ओळखा. 'बेस्ट बिफोर' ही तारीख चव-दर्जाची असते, 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही सुरक्षिततेची. दुसरी उलटली की विषय संपला. पहिली उलटलेला माल वाटता येतो की नाही हे तुमच्याकडच्या कायद्यावर अवलंबून आहे, ते आधी विचारून घ्या. मांडणीत आधी संपणारं पुढे ठेवायचं. आलेला नवा माल मागून लावायचा, एवढी एकच सवय पुरते.

शिजवलेलं उरलेलं अन्न, कार्यक्रमातलं वगैरे, आणून देणारे भेटतील. नम्रपणे नाही म्हणा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, दोन तासांत अन्न धोक्यात जातं, उन्हाळ्यात तर तासाभरात. अन्न सतत थंड ठेवायची सोय, थर्मामीटर आणि जबाबदार माणूस नसेल तर ते काम वेगळ्या संस्थेचं आहे.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे खुल्या मांडणीत ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अशा दुधाच्या प्रसाराबाबत आचारसंहिता आणली, त्यामागे ठोस कारण होतं. फुकट डबा मिळाला म्हणून अंगावरचं तोडलं जातं, डबा संपला की दूध परत येत नाही, मग पावडर पातळ करून पुरवली जाते, आणि पाणी अशुद्ध असेल तर जुलाब सुरू होतात. जे बाळ आधीच पावडरीवर आहे त्याला ती अखंड मिळाली पाहिजे, पण ते आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने आणि त्या घरापुरतं. इतर आयांना जास्तीची डाळ आणि शेंगदाणे, हीच मदत.

एवढं सगळं करूनही उरलेले पंचवीस दिवस उरतातच. म्हणून दोन टेबलांशिवाय एक खुर्ची तिसरी ठेवा. तिथे बसणाऱ्याला सरकारी धान्य योजना, शाळेतलं जेवण, पेन्शन यांचे अर्ज कुठे आणि कसे भरायचे एवढं माहीत असावं. बोलणं ऐच्छिक. 'आधी अर्ज भरा, मग शिधा' अशी अट घातलीत की तो पुन्हा दाखलाच झाला.

साठ्याच्या वेगळ्या वहीत रोजची आवक आणि जावक किलोमध्ये, दोन वेगवेगळ्या माणसांच्या सह्यांनी. महिनाअखेर पोती मोजा. थोडी सांडलवंड होतेच. पण तेल आणि साखर यांत फरक पडत असेल तर तो सांडलेला नसतो.

आता त्या दोन पोत्यांचं. टोके, म्हणजे सोंडकिडे, तुमच्या खोलीत जन्मले असतील असं नाही. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी आतल्या आत दाणा खाते, आणि उष्ण हवेत महिन्याभरात किडा बाहेर पडतो. म्हणजे स्वच्छ दिसणारं पोतं आणल्यावर चार आठवड्यांनी किडे दिसले, तर ती कीड बहुधा पोत्याबरोबरच आली होती. म्हणून तीन महिन्यांचा तांदूळ स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. महिन्याचा घ्या, फार तर दीड महिन्याचा. पोतं आल्यावर तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घाला. आतला तांदूळ बाहेरच्यापेक्षा उबदार लागला तर ते पोतं परत. किडे आणि ओल दोन्ही धान्य तापवतात. हाताला पांढरी भुकटी लागली तरी परत. चांगली पोती जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा, म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदराची वाट दिसते. पीठ तांदळापेक्षा लवकर बिघडतं, त्याला जाळी धरते. ते पंधरा दिवसांपुरतंच.

ती दोन पोती आजच बाकीच्यांपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत न्या. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आणायचा मोह होईल. त्यातून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो, राहत्या किंवा कामाच्या जागेत त्या नकोतच. किडे तुरळक असतील आणि बुरशीचा वास, गुठळ्या, ओल काही नसेल तर तांदूळ चाळा आणि निवडा. मग लहान पिशव्यांत भरून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, म्हणजे दाण्यातल्या अळ्याही मरतात. पिशव्या बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तोंडं उघडू नका, नाहीतर दव धरून तांदूळ ओला होतो. एवढा मोठा फ्रीझर नसेल तर मिळेल त्यात आळीपाळीने करा, पण न गोठवलेला हिस्सा तसाच वाटू नका. भुकटी जास्त असेल किंवा वास येत असेल तर तो तांदूळ माणसांना द्यायचा नाही, आणि बुरशी लागलेला असेल तर कोंबड्यांनाही नाही. त्या खोलीतल्या रिकाम्या पोत्यांच्या शिवणी उलट्या करून बघायला विसरू नका. पुढच्या महिन्याचे टोके तिथेच बसलेले असतात.